शिवनेरीच्या कड्यावर काय उगवतं?

प्रश्न : सोकोत्रा बेटावरच्या जगावेगळ्या झाडांविषयी वाचलं. आपल्या जुन्नर-आंबेगावकडे असं काही आहे का? – एक वाचक, घोडेगाव

उत्तर : आहे की! त्यासाठी समुद्र ओलांडायला नको. खाली शेतं, चराऊ माळ आणि मधे उभा कातळ; वनस्पतीच्या लेखी शिवनेरीचा कडाही बेटच. त्याच्या फटींत शिंदळ माकुडी नावाची वनस्पती तग धरून आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी १८६५ साली जुन्नर परिसरातूनच तिची शास्त्रीय नोंद केली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून ‘फ्रेरिया इंडिका’ असं नाव ठेवलं. गव्हर्नरसाहेबांचं नशीब थोर!

तिचे भाऊबंद म्हणजे माकडशिंगी वगैरे. त्यांना पानं जवळजवळ नसतातच. हिला मात्र पावसाळ्यात चांगली मांसल पानं फुटतात, उन्हं तापली की गळतात आणि उरतात नुसत्या रसाळ दांड्या. पावसाळ्याच्या उत्तरार्धात रुपयाच्या नाण्याएवढं गर्द तांबडं फूल येतं; त्यावर पिवळसर ठिपके, कडेला बारीक केसांची झालर. परागीभवनाचं काम माश्यांकडे.

पुरंदर, वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्याच ठिकाणी ती आढळते, आणि तीही फक्त महाराष्ट्रात. वणवे आणि शेळ्यामेंढ्या हे तिचे जुने शत्रू. हौशी संग्राहक त्याहून वाईट. छाट कलमाने ती सहज जगते, त्यामुळे कुंडीत हवी असेल तर रोपवाटिकेतली घ्या. कड्यावरची बघायची तर सप्टेंबरात दुर्बीण घेऊन जा. कातळावर चढू नका.