वरच्या दाढेची सुई : भीती कशाची?

दाढ दुखत असूनही सुईच्या भीतीने तोंडात खर्रा दाबून दिवस काढणारी माणसे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत आहेत. म्हणून या वेळी आम्ही ही सुईच समजावून सांगत आहोत.

वरच्या जबड्याचे हाड पातळ व सच्छिद्र असते. गालाच्या बाजूने, मुळाजवळ हिरडीच्या वर लिग्नोकेन सोडले की ते हाडातून झिरपून नसेपर्यंत पोहोचते आणि काही मिनिटांत दात बधिर होतो. खालच्या दाढांचे हाड घट्ट असते; तेथे सुई मागे, मुख्य नसेजवळ द्यावी लागते. वरचा दात काढायचा असल्यास टाळूलाही सुई देतात. तेथील कातडी हाडाला चिकटलेली असल्याने ती जास्त टोचते, पण क्षणभरच. नंतर दाब जाणवेल, कळ नाही. कळ आलीच तर हात वर करून सांगावे.

पू झाला की औषधाचा असर कमी होतो, म्हणून उशीर नको. खर्ऱ्याने तोंड कमी उघडत असेल तर मागच्या दाढेपर्यंत सुई नेणेच अवघड होते. आपली तीन बोटे उभी तोंडात जात नसतील, तर लगेच तपासून घ्या.

सिकलसेल, हृदयविकार, रक्तदाब, गरोदरपण किंवा औषधाची अ‍ॅलर्जी असल्यास डॉक्टरांना आधी सांगा. सिकलसेलच्या रुग्णाने भरपूर पाणी पिऊन जावे. ओठ २-३ तास बधिर राहतो. तोवर गरम चहा टाळा आणि मुलांना ओठ चावू देऊ नका.