कॉल विकताना भाव कसा मागावा

अगं, कव्हर्ड कॉल म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. शेअर आपल्या डिमॅटमध्ये असतात, त्यांवर वरच्या स्ट्राइकचा कॉल विकायचा आणि प्रीमियम घ्यायचा. पण तो प्रीमियम पुरता पदरात पाडून घेणं हे वेगळं काम आहे, आणि बहुतेकांचे पैसे तिथेच गळतात.

पहिलं म्हणजे मार्केट ऑर्डर टाकायची नाही. निफ्टीच्या ऑप्शनमध्ये घेणारे-देणारे दाटीनं उभे असतात, तिथं एखाद वेळ निभेल. एकेका शेअरच्या ऑप्शनमध्ये दोन भावांतली दरी मोठी असते. समज, शेअर १४०० रुपयांना आहे, लॉट ५०० चा आहे आणि तू १४५० चा कॉल विकायला बसलीस. घेणारा २०.५० देतोय, विकणारा २२.५० मागतोय. मार्केट ऑर्डर टाकलीस तर २०.५० हातात पडतील. मधला भाव २१.५० आहे. शेअरमागे एक रुपया म्हणजे लॉटमागे ५०० रुपये तू न मागताच सोडून दिलेस. हे दर महिन्याला करायचं काम आहे, म्हणून वर्षाचा हिशेब मनात धर.

मग कसं करायचं? लिमिट ऑर्डर २२ ला टाक आणि थांब. पाच-दहा मिनिटं कुणी घेतली नाही तर २१.७५ कर, मग २१.५०. सारखी चाळवाचाळव मात्र करू नकोस. एक्स्चेंजवर आधी भाव आणि मग वेळ पाहतात. भाव बदललास की नव्या भावाच्या रांगेत तू सगळ्यांच्या मागे जातेस. आपला शेवटचा आकडा आधीच ठरवून ठेव, आणि त्याखाली आज विकायचंच नाही. कॉल उद्याही विकता येतो.

आता मधला भाव तरी खरा कशावरून? पातळ बाजारात दोन्ही बाजूंचे भाव कुणीतरी उगाच लावून ठेवलेले असतात. म्हणून मी नेहमी एक पडताळा घेते, आणि तू तो अंगवळणी पाडच. त्याच महिन्याचा फ्युचर बघ, त्याच स्ट्राइकचा पुट बघ. कॉलमधून पुट वजा केला की जवळपास फ्युचर वजा स्ट्राइक इतकंच उरायला हवं. फ्युचर १४०८ असेल तर १४५० च्या मानानं तो ४२ नं खाली आहे, पुट ६३.५० ला असेल तर कॉलचा रास्त भाव २१.५० निघतो. आपल्याकडे शेअरचे ऑप्शन २०११ पासून युरोपियन पद्धतीचे आहेत, एक्स्पायरीआधी वापरता येत नाहीत, म्हणून हे गणित इथं छान जुळतं. पुटमध्येही सौदे होत नसतील तर मात्र त्यावर विसंबू नकोस, शेजारची स्ट्राइक बघ. १४५०, १५०० अशा गोल आकड्यांवर गर्दी जास्त असते. ओपन इंटरेस्ट बघूनच स्ट्राइक निवड. चालू महिना सोडून पुढच्या महिन्यांत गेलीस की दरी आणखी रुंदावते.

सव्वानऊला बाजार उघडल्या उघडल्या विकू नकोस. भाव स्थिरावू देत. आणि शेअर वर चढलेल्या दिवशी वीक. लोक शेअर पडायला लागला की घाबरून कॉल विकतात, तेव्हा प्रीमियम आधीच आटलेला असतो. निकालाआधी प्रीमियम फुगतो हे खरं, पण तो धोक्याचा मोबदला असतो. १४५० ला शेअर द्यायला मन राजी असेल तरच तो घे.

लॉट तीन असतील तर एकदम टाकू नकोस. स्क्रीनवर दोन्ही बाजूंचे पाच-पाच भाव दिसतात, त्यांतली संख्या बघ आणि एकेक लॉट सोड.

विकून झालं की परत घ्यायची ऑर्डरही लावून ठेव. २१.५० ला विकलेला कॉल तीन-चार रुपयांवर आला आणि मुदत बरीच उरली असेल तर घेऊन मोकळी हो. उरलेल्या थोड्या रुपयांसाठी शेअर अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, रोज सकाळी नव्यानं टाकावी लागते.

सप्टेंबर २०२५ पासून एनएसईवर एक्स्पायरी महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी असते. ऑक्टोबर २०१९ पासून शेअरच्या सगळ्या ऑप्शनची सेटलमेंट प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते. एक्स्पायरीच्या दिवशी शेअर १४५० च्या वर बंद झाला तर तुझे ५०० शेअर १४५० नं जातील. मार्जिनसाठी तेच शेअर प्लेज केले असशील तर ते कधी आणि कसे सोडवायचे, हे ब्रोकरला आधीच्या आठवड्यात फोन करून विचार. सोमवारवर ठेवू नकोस.