तान्ह्या मुलाचे दूध टाकणे व आम्लाची औषधे

घोडनदीचा बाजार आटोपून निघालेली आई पुष्कळदा औषधाच्या दुकानी थांबते व म्हणते, "बाळ दूध टाकतं, काही द्या." शिरूर काय, दौंड काय, दोन्हीकडे हेच. तेव्हा दूध वर का येते, हे प्रथम समजून घ्यावे.

अन्ननलिका जठरास मिळते तेथे स्नायूंचे एक वळे असते. घास खाली उतरला म्हणजे ते मिटते. तान्ह्या मुलात ते मध्येच सैल पडते. त्यात मूल निजलेले आणि आहार सगळा पातळ, मग दूध वर येणार नाही तर काय! चौथ्या महिन्याच्या सुमारास हे फार होते व वर्ष भरेतोपर्यंत बहुतेकांचे आपोआप थांबते. मूल खेळते आहे, वजन वाढते आहे, तर हा रोग नव्हे.

तरी आम्ल कमी करणारे औषध दिल्यास बिघडते काय? बिघडते. जठरातील आम्ल जंतूंस मारिते. ते दाबले म्हणजे जंतूंस वाट मोकळी होते. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेत वर्षाच्या आतील 162 मुलांपैकी निम्म्यांस लॅन्सोप्राझोल व निम्म्यांस औषधाचा गुण नसलेले द्रव्य दिले. दोन्हीकडे 81 पैकी 44 मुलांस आराम पडला. गंभीर दुखणी, विशेषतः छातीची, मात्र खरे औषध घेणाऱ्यांत अधिक झाली. सिसाप्राइड हेही एके काळी मुलांस देत असत. त्याने हृदयाचे ठोके बिघडतात असे दिसून आले, आणि 2011 साली भारत सरकारने त्यावर बंदी घातली.

अन्ननलिकेस आम्लाने व्रण पडले असल्यास गोष्ट निराळी. तेव्हा डॉक्टर ओमेप्राझोलसारखे औषध मुलाच्या वजनावरून ठरवून काही आठवडे देतात व पुन्हा तपासतात. शेजारणीच्या मुलाची उरलेली बाटली येथे उपयोगाची नाही.

अंगावरचे दूध बंद करू नये. थोडे थोडे पाजावे, ढेकर काढावा, वीस-तीस मिनिटे उभे धरावे. निजविताना उताणेच निजवावे. पालथे निजविल्याने दूध कमी येते खरे, पण झोपेत अकस्मात मृत्यूचे भय वाढते.

ओकारीत रक्त दिसले, पहिल्या दोन-तीन महिन्यांत दूध पिचकारीसारखे दूर उडू लागले, ताप आला, लघवी कमी झाली किंवा वजन वाढेना, तर सरकारी रुग्णालय गाठावे. ओकारी हिरवी असली तर आतड्यास पीळ पडलेला असू शकतो. मग उसाची तोड अर्धी टाकून, रात्र असली तरी, त्याच घटकेस निघावे.