लेम डक: खुर्ची आहे, पण पॉवर गेली!

व्हिडिओत मी 'लेम डक' म्हटलं, तो शब्द आज नीट समजून घेऊ.

शब्दशः अर्थ लंगडं बदक. हा शब्द मुळात आपल्या धंद्यातलाच! 18व्या शतकात लंडनच्या शेअर बाजारात ज्याला देणी फेडता येत नव्हती, त्याला लेम डक म्हणायचे. पुढे तो अमेरिकेच्या राजकारणात गेला. तिथे नवा राष्ट्राध्यक्ष नोव्हेंबरमध्ये निवडून येतो, पण जुना 20 जानेवारीपर्यंत खुर्चीत असतो. सही त्याचीच, पण लोकांचं लक्ष नव्या माणसाकडे. हा झाला लेम डक.

वापरायचा कसा?

- 'ही इज अ लेम डक नाऊ.' (आता त्याच्या हातात फारसं काही नाही.)
- 'अ लेम डक मॅनेजर' (जायला निघालेला, वजन गेलेला मॅनेजर)

गल्लत नको

'सिटिंग डक' म्हणजे आयतं सापडलेलं सावज. 'डेड डक' म्हणजे ज्याचं आता काही होणार नाही अशी गोष्ट. आणि नामधारी माणसाकडे पॉवर नसतेच. लेम डककडे ती होती, आता चालली आहे.

मला हा शब्द महागात पडला

माझ्या दुकानाला एका कंपनीच्या खरेदी मॅनेजरने फोनवर 200 डायऱ्यांची ऑर्डर दिली. साहेब नोटीस पिरियडवर आहेत हे मला माहीत होतं. पण जुनी ओळख, म्हणून पीओ न घेताच कंपनीचं नाव छापून घेतलं. डिलिव्हरीच्या आधी साहेब गेले. नव्या मॅडम म्हणाल्या, "पीओ दाखवा." काय दाखवणार? नाव छापलेल्या डायऱ्या दुसरं कोण घेणार? साहेब खोटे नव्हते. त्यांच्या शब्दाला आता किंमत उरली नव्हती, एवढंच.

म्हणून समोरचा माणूस बदलीवर, रिटायरमेंटला किंवा नोटीसवर असेल, तर तीन गोष्टी करा:

1. लेखी पीओ घ्या.
2. त्याच्या जागी येणाऱ्याशी आधीच ओळख करून घ्या.
3. नाव छापायचा माल असेल तर अ‍ॅडव्हान्स घ्या.

आणि हो, हा शब्द कोणाच्या तोंडावर वापरू नका. जाणारा माणूस उद्या दुसऱ्या कंपनीत खरेदीलाच बसलेला असू शकतो!