बर्नरला हवा किती द्यावी?

प्रश्न : महापे एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात गॅसवर चालणारा बॉयलर आहे. जास्त हवा म्हणजे पूर्ण ज्वलन, असे ऑपरेटर म्हणतात. बर्नर बंद पडला की लगेच रीसेट करतात. हे योग्य आहे का?
— एक वाचक, महापे

उत्तर : एक घनमीटर नैसर्गिक वायू जळायला सुमारे १० घनमीटर हवा लागते. मिश्रण एकजीव होत नसल्याने १० ते १५ टक्के हवा जादा द्यावी लागते, एवढेच. त्याहून अधिक हवा नुसती तापते आणि उष्णता धुराड्यावाटे बाहेर नेते. कमी हवा त्याहून घातक, कारण तिच्यामुळे विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्यामुळे अंदाजावर न विसंबता धुराची तपासणी यंत्राने करून घ्यावी. ऑक्सिजन २ ते ३ टक्के असल्यास जुळणी ठीक समजावी.

बर्नर बंद पडणे हे बहुधा संरक्षणच असते. ज्योत विझताच सेन्सर गॅसचा व्हॉल्व्ह बंद करतो. पुन्हा पेटण्याआधी पंखा भट्टीत साचलेला गॅस बाहेर काढतो; हा टप्पा टाळल्यास ठिणगीसरशी स्फोट होऊ शकतो. सेन्सरची काच, गॅसचा दाब आणि इलेक्ट्रोड तपासल्यास कारण सहसा सापडते. घाबरण्याचे कारण नाही. मात्र सेन्सर बायपास कधीही करू नये. दोष सापडेपर्यंत बॉयलर बंद ठेवून बर्नरच्या तंत्रज्ञाला बोलवावे.