जिप्सी ठेवायची की थार? गोंदियाकरांसाठी पाच वर्षांचा हिशेब

दारात दोन जुन्या फोर बाय फोर आहेत. एक २००६ ची मारुती जिप्सी, पेट्रोल. दुसरी २०११ ची महिंद्रा थार सीआरडीई, डिझेल. दोन्ही सांभाळणे परवडत नाही, एक काढायची आहे. मग २०२६ हेच वर्ष निर्णयाचे समजा, कारण दोन्हींची नोंदणी याच वर्षी संपते. थारची पहिली पंधरा वर्षे भरतात आणि जिप्सीचे २०२१ साली झालेले पाच वर्षांचे नूतनीकरण संपते. नूतनीकरणाचे पैसे दोन्हींवर भरून मग एक विकायला काढणे म्हणजे हजारो रुपये पाण्यात.

आधी एक भीती काढून टाका. पंधरा वर्षांपुढची गाडी आता भंगारातच जाणार, असे सांगत कुणी दारात आले तर ऐकू नका. दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्रातले आहेत. महाराष्ट्रात गाडी तपासणीत पास झाली की पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढते. त्या भीतीपोटी पडत्या भावात गाडी देऊ नका.

आता कागदांचा खर्च. केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांचे नूतनीकरण शुल्क वाढवले. खाजगी चारचाकीला पंधरा ते वीस वर्षांपर्यंत ५,००० रुपये, वीसच्या पुढे १०,०००. म्हणजे थारला ५,००० आणि जिप्सीला १०,०००. जीएसटी आणि स्मार्ट कार्डाचे पैसे वेगळे. त्यावर राज्याचा पर्यावरण कर, पाच वर्षांचा एकदम: पेट्रोलला ३,००० आणि डिझेलला ३,५०० हा दर अनेक वर्षे चालत आला आहे. पैसे भरण्याआधी पोर्टल आकडा दाखवतेच, तो पाहूनच पुढे जा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेट, लागतेच. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, एकूण साधारण ८७९. ही प्लेट नसेल तर आरटीओत पुढची बरीच कामे अडतात, म्हणून सुरुवात तिथूनच करा. प्लेट बसवून देणारा वेगळे ‘फिटिंग’चे पैसे मागत असेल तर पावती मागा.

इथपर्यंत जिप्सी महाग वाटते. खरा फरक विम्यात आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचा दर इंजिनच्या सीसीवर ठरतो, गाडीच्या किमतीवर किंवा वयावर नाही. जिप्सीचे इंजिन १२९८ सीसीचे, ती हजार ते दीड हजारच्या गटात बसते: वर्षाला ३,४१६ रुपये. थार २४९८ सीसीची, म्हणजे दीड हजारच्या वरच्या गटात: ७,८९७ रुपये. १८ टक्के जीएसटी धरून जिप्सीला सुमारे ४,०३१ आणि थारला सुमारे ९,३१८. मालक-चालकाचा अपघात विमा याच्यावर, पण तो दोन्हीकडे सारखाच. एजंट ‘पॅकेज पॉलिसी’ पुढे सरकवेल. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीची विम्यातली किंमत म्हणजे आयडीव्ही किती धरली आहे ते विचारा. घसारा कापून हातात किती येईल, तेही विचारा. उत्तर ऐकून बहुतेक जण थर्ड पार्टीवरच थांबतील, आणि ते ठीकच आहे.

पीयूसी दोन्हींना दर सहा महिन्यांनी धरा. पेट्रोलला १२५, डिझेलला १५०.

पाच वर्षांचे हे सगळे एकत्र केले तर जिप्सीचा कागदी खर्च साधारण ३५,३०० रुपये येतो आणि थारचा साधारण ५७,५००. वर्षाला सुमारे ४,४०० रुपयांनी जिप्सी स्वस्त.

पण जिप्सी पेट्रोल पिते. जिप्सी लिटरला १० किलोमीटर आणि थार १२ देते असे धरा, पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये धरा. जिप्सीचा किलोमीटर साडेदहा रुपयांना पडतो, थारचा सुमारे ७ रुपये ६५ पैशांना. फरक पावणेतीन रुपयांच्या वर. म्हणजे वर्षाला साधारण सोळाशे किलोमीटरपर्यंत गाडी चालत असेल तर जिप्सी फायद्याची, त्यापुढे थार. आकडे तुमच्या गाडीचे घाला: टाकी फुल करा, दोनशे किलोमीटर चालवा, पुन्हा फुल करा, भागाकार करा. ‘माझी तर बारा देते’ यावर हिशेब करू नका.

सोळाशे किलोमीटर म्हणजे महिन्याला सव्वाशे-दीडशे. गाडी फक्त धानाच्या हंगामात पांदण रस्त्याने शेतावर जाते आणि एरवी शेडमध्येच असते, तर तुम्ही या आकड्याच्या आत आहात. देवरी-चिचगड किंवा आमगाव-सालेकसा असे आठवड्याला दोन-तीन फेरे असतील तर कधीच बाहेर गेलात.

चिखलातही फरक पडतो. जिप्सी वजनाने टनाच्या आसपास, थार पावणेदोन टनांच्या जवळपास. पाणी साचलेल्या बांधीच्या कडेने, मऊ धुऱ्यावरून जायचे असेल तर हलकी गाडी कमी रुतते आणि रुतली तर चार माणसांच्या धक्क्याने निघते. थार रुतली की ट्रॅक्टर बोलवा. उलट धान-खताची पोती आणि ट्रॉली ओढण्याची कामे असतील तर डिझेलच्या ओढीपुढे जिप्सी थकते. लक्षात ठेवा, खाजगी नोंदणीच्या गाडीतून भाड्याने माल वाहिला तर अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते.

आता गॅरेज. इंजिनकडे नंतर पाहा, आधी चेसिस. गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्या आणि छोटा हातोडा हातात घ्या. पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, हँगरजवळ, चेसिसच्या आडव्या पट्ट्यांवर आणि बॉडी जिथे चेसिसवर बसते त्या प्रत्येक जागी हलके ठोका. टणक आवाज आला तर ठीक. आवाज बसका आला किंवा पापुद्रा सुटला, तर तिथे आत चिखल साचून लोखंड खाल्ले गेले आहे. जिप्सीत मॅट उचलून पायाखालचा पत्रा पाहा. थारमध्ये पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट हलवून पाहा. पत्र्याचा गंज वेल्डिंगने निघतो. चेसिस गंजली असेल तर ती गाडी ठेवू नका, बाकी हिशेब काहीही सांगो.

खाली वाकलेलेच आहात तर चेसिस नंबर शोधा. नूतनीकरणाला मोटार वाहन निरीक्षक तो प्रत्यक्ष पाहतो आणि त्याचा पेन्सिल प्रिंट लागतो. नंबरावरचा चिखल आणि जुना रंग रॉकेलच्या फडक्याने पुसा, पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासा. सगळे अंक उमटले तर काम झाले. एखादा अंक गंजाने गेला असेल तर आरटीओत आधी भेटून विचारा. नंबरावर ग्राइंडर चालवू नका आणि कुणाकडून तो ‘पुन्हा ठोकून’ तर मुळीच घेऊ नका. तो सरळ गुन्हा होतो.

दुसरी तपासणी, फोर बाय फोर खरोखर चालते का. मायलेज वाढावे म्हणून अनेक जुन्या गाड्यांचा पुढचा प्रोपेलर शाफ्टच काढून ठेवलेला असतो. गाडी ओल्या शेतात न्या, पुढच्या चाकांवर फ्री व्हील हब असतील तर लॉक करा, लिव्हर फोर-हायमध्ये टाका, एकाला बाहेर उभे करून पुढची चाके ओढ घेतात का ते पाहायला सांगा. मग फोर-लो. हे डांबरी रस्त्यावर करू नका, गिअरवर ताण येतो. शाफ्ट, हब आणि ट्रान्सफर केस यांचा खर्च लेखी घ्या.

थारची खरी जोखीम इंजेक्टर, टर्बो आणि क्लच. कॉमन रेल इंजिन आहे, अंदाजाने दुरुस्त होत नाही. इंजेक्टर बेंचवर तपासून मागा. ही सोय जवळ नसेल तर टोचनचा खर्चही हिशेबात धरा. जिप्सीचे यंत्र साधे आहे. मारुतीने ती सामान्य ग्राहकांना विकणे बंद केले असले तरी सैन्यात आणि जंगल सफारीत ती इतकी वापरली गेली आहे की पार्ट शोधले की मिळतात. दोन्हींचे अंदाजपत्रक एकाच मिस्त्रीकडून घ्या, पार्टची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहून.

जी ठेवणार तिच्या नूतनीकरणासाठी मुदत संपण्याच्या आधी साठ दिवसांच्या आत परिवहनच्या वाहन पोर्टलवर फॉर्म २५ भरा, पैसे ऑनलाइन भरा, तपासणीची तारीख घ्या. जवळ ठेवा: मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा फॉर्म ६०, चेसिस प्रिंट. एमएच ३५ म्हणजे गोंदियाच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयातले काम. मुदत चुकली की महिन्याला ५०० रुपये दंड, आणि अर्धवट महिनाही पूर्ण धरतात. नोंदणी संपलेल्या गाडीचा अपघाती दावा कंपनी नाकारू शकते, हे त्याहून महाग.

नेमके कुठे अडते? थकलेल्या ई-चलनांवर. अनेक वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच असतो, त्यावर. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आजच शोधा, बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर जास्तच वेळ लागतो. गाडी वडिलांच्या नावावर असून ते हयात नसतील तर आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर करा. लोखंडी बुल बार, बदललेला रंग, आरसीवर न चढवलेले गॅस किट, भलतेच मोठे टायर, ही सगळी तपासणीच्या आधी उतरवा किंवा नियमात बसवा. एजंट केला तर सरकारी पावतीची रक्कम आणि त्याची मजुरी वेगळी लिहून घ्या. ‘एकूण’ आकडा ऐकून पैसे देऊ नका.

जिप्सी नागझिऱ्याच्या चोरखमारा गेटवर सफारीला लावू, म्हणजे तिचा खर्च ती काढेल, असा विचार असेल तर थांबा. पांढऱ्या प्लेटवर भाडे घेता येत नाही. परमिट, पिवळी प्लेट आणि वन विभागाची मान्यता लागते. एवढ्या जुन्या गाडीला ती मिळेल का, हे आधी लेखी विचारा. दोन्ही ठेवू, एक उभी राहील, हाही तोट्याचा मार्ग आहे. उभ्या गाडीची नोंदणी दोन वर्षे लटकली तर दंडच १२,००० होतो. उभी ठेवायचीच असेल तर वापर बंद असल्याची सूचना आरटीओला द्या.

जी काढणार तिला रंग मारू नका, जुन्याच्या शोधातले गिऱ्हाईक ताजा रंग पाहून उलट शंका घेते. चेसिस गेली असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या, भंगारवाल्याला नाही. केंद्राकडून ठेव प्रमाणपत्र मिळते, नवीन गाडीच्या नोंदणी शुल्कात आणि करात सवलत मिळते, आणि तुमच्या नावावरची नोंदणी रद्द होते. चालती गाडी विकत असाल तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कोरे देऊ नका, गिऱ्हाइकाचे नाव आणि तारीख भरूनच द्या. गिऱ्हाईक बालाघाट किंवा राजनांदगावचे असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते, आणि तिकडे त्याला कर भरावा लागू शकतो. हे त्याला आधीच सांगा, नाहीतर गाडी तुमच्याच नावावर वर्षानुवर्षे तिकडे फिरेल. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. म्हणून पूर्ण रक्कम मिळाली तरी पंधरा दिवसांनी पोर्टलवर नंबर टाकून नाव बदलले का ते पाहा. बदलले नसेल तर विक्रीच्या कागदांच्या प्रतींसह आरटीओत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.