पडशीतले दुसरे छप्पर

वारीला निघायच्या वेळी दरवर्षी एक प्रश्न निघतोच. दिंडीच्या राहुट्या आहेत, धर्मशाळा आहेत, देवळाची ओवरी आहे. मग पडशीत आणखी एक प्लॅस्टिकचा कागद कशाला वागवायचा? कोणी त्याही पुढे जाऊन म्हणतो, छप्पर बरोबर घेणाऱ्याचा पांडुरंगावर भरवसाच नाही. हा झाला पूर्वपक्ष. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण ओझ्याचा त्रास खरा आहे. पुणे ते सासवड हा तीस किलोमीटरांच्या वरचा टप्पा, त्यात दिवे घाट. तिथे पावशेर जिन्नससुद्धा खांद्याला कळतो.

आधी भरवशाचे पाहू. शास्त्रात योगक्षेम हा जोडशब्द येतो. न मिळालेले मिळणे तो योग, मिळालेले राखणे तो क्षेम. क्षेमात आपले दोन हात नकोत असे कुठे म्हटले आहे? भरवसा सांगणारे बुवाही पायात वहाणा घालतातच की!

आता माझीच चूक सांगतो. १९९८ च्या चैत्री वारीला आम्ही चौघे पायी निघालो. उन्हाळ्यात पाऊस कुठला येतोय, असे म्हणून मीच सगळ्यांना कागद घरी ठेवायला लावले. संध्याकाळी मुक्कामाच्या देवळाशी पोचलो, तर ओवरीत लग्नाचे वऱ्हाड उतरलेले, पाय ठेवायला जागा नाही. पुढच्या गावाला म्हणून निघालो आणि माळावर वळवाने गाठले. गारा, वारा, अंगावर सुती धोतर. आमच्यातले वडीलधारे बुवा कुडकुडू लागले, मग त्यांची बोबडी वळली, आणि थोड्या वेळाने कुडकुडणे थांबले. मला वाटले, सावरले. पण ते सावरणे नव्हते! अंगातली ऊब फार उतरली म्हणजे कापरे आपोआप थांबते, आणि तीच खरी धोक्याची वेळ, हे मला पुढे एका डॉक्टरांनी समजावले. त्या रात्री एका मेंढपाळाने हाक मारली. खताच्या गोण्या शिवून केलेले त्याचे पाल. “म्हाराज, आधी त्येंचं वलं धोतर फेडा,” म्हणाला, आणि आपली घोंगडी त्यांच्याभोवती गुंडाळली. देव भेटला असे आम्ही म्हणतो, आणि ते खोटे नाही. पण त्या देवाने पाल बरोबर बाळगले होते.

तेव्हा सिद्धान्त असा, की ठरलेला निवारा जिथे चुकू शकतो, तिथे दुसरा जवळ हवा. आषाढीत मोठ्या दिंडीबरोबर असाल तर आख्खा तंबू वागवायचे कारण नाही. पण लक्षात घ्या, राहुट्या असतात ट्रकमध्ये आणि तुम्ही असता रस्त्यावर. ट्रक चिखलात रुतला की राहुटीही रुतली. म्हणून कागद ट्रकात टाकू नये, खांद्यावरच असावा. दर महिन्याची वारी करणारे दोघे-चौघे, किंवा पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी थंडीत चालणारे, यांनी तर तो सोडूच नये.

ओझे किती? दोन मीटर रुंद, तीन मीटर लांब असा चारशे गेजचा कागद साधारण अर्धा किलो भरतो, आणि त्याखाली तिघे दाटीवाटीने बसतात. तिघांत एक पुरे. सुती चादर भिजली की ऊब देत नाही. घोंगडी ओली झाली तरी थोडीफार देते, पण जड होते. अंगावर घेण्याइतकेच अंगाखाली घालण्याला महत्त्व आहे, कारण ओली जमीन ऊब ओढून घेते. कडबा, गवत, पोते, मिळेल ते पसरावे. कागद चारी बाजूंनी घट्ट लपेटू नये. श्वास कोंडतो, आणि आतून दव धरून सकाळी पाहावे तर सगळे ओलेच. एक बाजू वाऱ्याच्या उलट अंगाला उघडी राहू द्यावी. वीज कडाडत असेल तर एकट्या झाडाला कागद बांधून खाली बसू नये. विजेपुढे कागद काय आणि तंबू काय, सारखेच. तेव्हा पक्के घर गाठावे.

दोरी सुताची घेऊ नका. भिजली की गाठ अशी आवळते, की पहाटे निघायच्या घाईत दातांनी सोडवावी लागते.